रजिस्टरची खरी नक्कल

आमच्या गावातल्या चार-पाचशे माणसांची जात मी एका उन्हाळ्यात, शाईच्या दोन दौतींत संपवली. थोरामोठ्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या जमलं नव्हतं त्याला मला दीड महिना लागला, आणि त्यातलाही एक आठवडा ताईच्या लग्नाच्या बोलण्यात गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, माझं अक्षर चांगलं होतं, आणि जगाचं भलं कशात आहे याबद्दल मला कसलीही शंका नव्हती. या तिन्हींपैकी आता फक्त अक्षर उरलं आहे.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. शाळा अजून सुरू आहे आणि तिचा यात काही दोष नाही. आसेगावच्या अलीकडे, मंगरूळपीर तालुक्यात, एवढं सांगितलं तरी पुरे. शेलूबाजारच्या फाट्यावरून जीप मिळायची. तिच्यात माणसं भरल्यावर ड्रायव्हर दाराबाहेर लोंबकळत गाडी चालवायचा, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरची शेती होती, पाटीलकी कधीच गेली होती, पण पाटील म्हणण्याची लोकांची सवय गेली नव्हती. वडील गावातल्याच शाळेत हेडमास्तर. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि आम्ही भावंडं अण्णा. अण्णांच्या दोन मराठी होत्या. शाळेच्या उंबरठ्याच्या आत ते पुस्तकातल्यासारखं बोलत, आणि घरी आल्यावर चप्पल काढता काढताच ‘काहून वं, पानी ठेवलं नाई काय?’ असं आईला विचारत. दोन्ही भाषांमध्ये ते तितकेच कडक होते. खोटं बोललेलं त्यांना चालत नसे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे येणार आहे ते वाचून कुणाला वेगळं वाटेल.

उन्हाळ्यात आमच्या घराचा दिवस पिठाच्या गिरणीच्या आवाजावर चाले. गिरणी डिझेलची होती, तिच्या नळकांड्यावर मालकाने रिकामा डबा उलटा बसवला होता, त्यामुळे तिचा पुकपुक आवाज अर्ध्या कोसावर जाई. गिरणी बंद झाली की दुपार झाली असं आई समजे. ओसरीवर शेजारच्या बाया जमून सरगुंडे करीत. ताटकाठीवर पीठ वळायचं, काठी ओढून घ्यायची, की पोकळ नळी तयार. बोटं चालत असत आणि तोंडं बोटांपेक्षा जास्त. त्या वर्षी सरगुंडे नेहमीपेक्षा दुप्पट होत होते, कारण ताईला पाहायला येणारे लोक आमरसासोबत सरगुंडे खातात असं कुणीतरी सांगितलं होतं. दुपारच्या जेवणात ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, कांदा आणि कैरीचा तक्कू असायचा. पाहुणे येणार असले की मात्र डाळभाजी आणि वांग्याची भाजी, आणि भाजीवर तेलाचा इतका तवंग की त्यात आमच्या घरची ऐपत दिसावी.

या घरात मी कॉलेजच्या सुटीत आलो तो एक शिबीर करून. देशभर तेव्हा राखीव जागांवरून रान पेटलेलं होतं. वाशीमच्या आमच्या कॉलेजातही दोन तट पडले होते आणि मी दोन्ही तटांत नसल्याचा मला फार अभिमान होता. शिबिरात पहिल्याच दिवशी आम्ही आडनावं टाकली. एका मोठ्या मडक्यात प्रत्येकाने आपलं आडनाव चिठ्ठीवर लिहून टाकलं, आणि मग मडकं फोडलं. दहा दिवस आम्ही श्रमदान केलं आणि गाणी म्हटली. एकाच पंगतीत जेवलो. स्वयंपाक करणाऱ्या बाया कोणत्या जातीच्या होत्या आणि त्या पंगतीत का नव्हत्या, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. शेवटच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, की जात ही शेवटी कागदावरची गोष्ट आहे, कागदावरून गेली की मनातूनही जाईल. मी ते वहीत उतरवून घेतलं. मी आज पंचवीस वर्षं समाजशास्त्र शिकवतो, आणि दर वर्षी पहिल्या तासाला हेच वाक्य फळ्यावर लिहून त्यात काय चुकलं ते मुलांना विचारतो. मुलं हुशार असतात, बरोबर सांगतात. कुठून आणलं हे वाक्य, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

घरी येऊन चार दिवस झाले नसतील, तोच अण्णांनी मला काम दिलं. शाळेच्या ऑफिसातलं कपाट ओल्या भिंतीला टेकलेलं होतं, आणि त्यातलं सर्वांत जुनं दाखल-खारीज रजिस्टर वाळवीने धरलं होतं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असायची. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, बापाचा धंदा, कधी आला, कधी गेला, आणि शेवटी शेरा. रजिस्टर इंग्रज असतानाच्या काळापासूनचं. तपासणी तोंडावर आली होती. साहेबाने ते पाहिलं असतं तर अण्णांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने काहीतरी लिहिलं गेलं असतं, आणि त्या गोष्टीची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती होती. त्यांचा हात तेव्हाच कापायला लागला होता. नवं कोरं रजिस्टर माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “जसंच्या तसं उतरव. तुहं डोकं त्यात घालू नको.”

मी रोज सकाळी शाळेत जाऊन बसू लागलो. सुटीतली शाळा, कौलांवर होले घुमताहेत, फळ्यावर परीक्षेच्या दिवसाची तारीख तशीच. जुनं रजिस्टर वाचताना गंमत वाटायची. निम्मं गाव एक जुलैला जन्मलेलं, कारण मास्तरांना तेवढी एकच तारीख पाठ. शेऱ्यांमध्ये एकेका आयुष्याचा निकाल. ‘ढोरांमागे जातो म्हणून नाव कमी.’ ‘बाप वारला.’ ‘देवी आल्या.’ आणि मधल्या रकान्यात जात, टाकाच्या ठसठशीत अक्षरात, नावाहूनही मोठी. मला त्या रकान्याचा संताप येई. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं. अण्णांनी जे घालू नको म्हटलं होतं तेच डोकं. नव्या रजिस्टरात मी त्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द लिहायला घेतला, हिंदू. वरपासून खालपर्यंत. माळी, तेली, धनगर, कुणबी, जो येईल तो. मुसलमान आणि जैन मुलांच्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या, कारण त्यांचं काय करायचं हे शिबिरात सांगितलेलं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या जुन्या ओळींशी मी जरा अडखळलो आणि मग त्याही पुसल्या. त्यांचं फार बिघडलं नाही हे मला पुढे कळलं. त्या लोकांनी आपापले दाखले आधीच काढून, शिक्के मारून ठेवले होते. कागदाचं मोल त्यांना आम्हा शहाण्यांच्या फार आधी कळलेलं होतं.

शाळेचा शिपाई लिंबाजी. तेव्हा पन्नाशीच्या आतला, काटक, डोक्याला कायम पांढरं दुपट्टं. अण्णा त्याला लिंब्या म्हणत आणि तो मला, माझ्या वयाच्या आठव्या वर्षापासून, दिनूभाऊ आणि तुमी. शिबिराहून आल्यावर मी त्याला लिंबाजीकाका म्हणायला लागलो. दोन दिवस त्याने सहन केलं. तिसऱ्या दिवशी माठ भरता भरता म्हणाला, काका नका म्हणू, गुरुजींनी ऐकलं तर मी तुम्हाला काही शिकवलं असं त्यांना वाटेल. मी त्याला समतेवर बरंच सांगितलं. त्याने माठ भरला.

लिंबाजी आंध. ही आमच्या भागातली एक आदिवासी जमात. पण पेहराव, बोली, सणवार सारं आमच्यासारखंच, त्यामुळे नवख्या माणसाला कुणबी कोण आणि आंध कोण हे कळायचं नाही. गावाला मात्र बरोबर कळायचं. आणि सरकारला कळण्यासाठी कागद लागायचा. एका दुपारी मी ओळी मोठ्याने वाचून उतरवत होतो, आणि तो दाराशी उभा राहून ऐकत होता. मग आत आला.

“माह्या बापाचं नाव हाये काय जी त्यात? म्हातारा सांगे, मी शाळेत गेलतो म्हनून. आमी हासो त्याले.”

मी पानं चाळली. शिवण सुटली होती, एकेक पान हातात येत होतं. सापडलं. किसन वल्द लक्ष्मण, म्हणजे लक्ष्मणचा मुलगा किसन, आंध, बापाचा धंदा मजुरी. दाखल झाला त्यापुढे चार महिन्यांनी नाव कमी. शेरा, सतत गैरहजर. मी वाचून दाखवलं. तो खाली बसला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याने ओळ कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं, आणि माझ्या बोटाच्या जागी आपलं बोट ठेवलं. नुकतीच तंबाखू मळली होती. ओळीशेजारी चुन्याचा पांढरा ठसा उमटला. मी चिडलो, सरकारी कागद आहे म्हणालो. ज्या कागदाची मी दोन आठवडे वाट लावत होतो त्याच्याबद्दल.

तो ओशाळला नाही. तसंच उतरवा एवढंच म्हणाला. तेव्हा मी त्याला माझी योजना सांगितली. मला वाटलं होतं, कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. यापुढे या शाळेच्या रजिस्टरात ना कुणी पाटील, ना कुणी आंध, सगळे सारखे. त्याने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मोठी माणसं लहानाच्या ताटात जास्त वाढलेलं बघतात तसं.

“दिनूभाऊ, तुमची पुसली तरी लोक तुमाले पाटीलच म्हनतीन,” तो म्हणाला. “आमची पुसली तं आमी कोन?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. तेव्हा सगळ्याचं होतं. माणूस, मी म्हणालो. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला की माणूस आहे म्हणून कोणत्या ऑफिसात दाखला मिळतो ते त्याला माहीत नाही, पण मी शिकलेला आहे, मला माहीत असेल. मला त्याची कीव आली. व्यवस्थेने पिचलेल्याला व्यवस्थाच प्यारी होते, असं मी त्या संध्याकाळी वहीत लिहिलं. ती वही माझ्याकडे अजून आहे. फाडून टाकावी असं पुष्कळदा वाटतं, पण कागद नाहीसे करण्याचा माझा पूर्वीचा अनुभव चांगला नाही.

त्याच आठवड्यात ताईचे पाहुणे आले. मुलाचे काका घोळदार मिशांचे होते. त्यांनी सरगुंडे तीन वेळा घेतले आणि आमच्या घराण्याबद्दल पाच वेळा विचारलं. त्यांच्याकडे म्हणे खानदान पाहून सोयरीक होते. मराठ्याचीच मुलगी करतात, कुणब्याची नाही. आम्ही मराठेच, असं अण्णा म्हणाले. आजवर हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता. आम्ही शेती करत होतो, पोळ्याला बैल पूजत होतो, आणि आजोबा स्वतःला सरळ कुणबी म्हणत. पाहुणे गेल्यावर अण्णा बराच वेळ ओसरीवर येरझारा घालत राहिले. जेवायला बसले. आईने भाकर वाढली. तिचा तुकडा मोडून, तो चुनात बुडवून, तोंडात न घालता ते मला म्हणाले, “माह्या बापाची रेघ आली काय?”

मी म्हणालो आली, उद्या उतरवणार आहे. त्यात काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. कुणबी, मी म्हणालो. अण्णांनी तुकडा ताटात ठेवला.

“त्या टायमच्या मास्तराले काय समजत होतं? सरसकट कुणबी लिहून मोकळा झाला. उद्या त्या मिशीवाल्यानं शाळेतून दाखला काढला तं पोरीचं लगन मोडन. मराठा लिह्य.”

खोटं सहन न होणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दाराआड ताई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि आत येत नव्हती. मला खरं तर तिथेच सांगता आलं असतं, की अण्णा, मी जातच लिहीत नाही. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आजोबांची, दोन चुलतआजोबांची आणि खुद्द अण्णांची, अशा चार ओळींपुढे मी मराठा असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा हिंदू. माझ्या क्रांतीचा हिशेब असा निघाला. साऱ्या गावाची जात मी नष्ट केली. फक्त आमची ठेवली, आणि तीही एक पायरी वर चढवून.

अण्णांनी नक्कल वाचली नाही. आपल्या त्या चार ओळी पाहिल्या, माझ्या अक्षराचं कौतुक केलं, आणि शेवटच्या पानावर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असं लिहून सही आणि शिक्का मारला. मुलावर त्यांचा विश्वास होता. जुनं रजिस्टर फडक्यात बांधून माळ्यावर ठेवू म्हणाले. पण आता ते राहणं बरं नाही हे त्यांच्याही मनात असावं, कारण आईने विषय काढला तेव्हा त्यांनी आडकाठी केली नाही. आईचं म्हणणं होतं, वाळवी घरात येईल, आणि लिहिलेलं जाळता तर येत नाही, सरस्वती असते त्यात. आमच्याकडे जुन्या पोथ्या, फाटकी पंचांगं, देवाच्या तसबिरी पाण्यात सोडतात. तसंच हेही सोडावं. तिने रजिस्टरला हळद-कुंकू लावलं. माझ्या हातात नारळ दिला. रजिस्टर लिंबाजीच्या डोक्यावर.

नदी आटलेली होती. वळणावरच्या डोहात तेवढं हिरवट पाणी. वाटेत पळसाच्या झाडांखाली लिंबाजी थांबला, डोक्यावरचं ओझं सावरलं आणि मागे वळून म्हणाला, “भाऊ, तसंच उतरवलं न जी? बापाचं?”

मी हो म्हणालो.

आयुष्यात मी यापेक्षा मोठं खोटं बोललो असेन, पण इतकं लहान आणि इतकं पुरून उरलेलं दुसरं नाही. डोहाशी पोचल्यावर तो मला म्हणाला की तुम्ही काठावरच थांबा, खाली चिखल आहे. तो एकटा उतरला. गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा राहून त्याने फडकं सोडलं आणि खूप वेळ मान खाली घालून राहिला. मला वाटलं, हात जोडतो आहे. मलाही भरून आलं. मी काठावर नारळ फोडला, अर्धी वाटी त्याला दिली आणि आम्ही खोबरं खात परत आलो.

ताईचं लग्न त्या घरात झालं नाही. मिशीवाल्या काकांना हुंड्यात मोटरसायकल हवी होती. खानदानाचं नंतर त्यांनी नावही काढलं नाही. शाळेतून दाखला कुणीच काढला नाही.

यानंतरचं लवकर सांगतो, कारण त्यात माझं वय वाढण्यापलीकडे काही नाही. मी वाशीमला प्राध्यापक झालो. जात या विषयावर व्याख्यानं दिली, हार घेतले. अण्णा गेले. आणि मग, आत्ताआत्ताची गोष्ट, आमच्याच भाऊबंदांना एकाएकी आपण कुणबी असल्याचं आठवलं. गावोगाव जुन्या नोंदी शोधणं सुरू झालं. ज्या घरांनी दोन पिढ्या मिशीला पीळ देऊन मराठा म्हणवून घेतलं, ती घरं शाळांच्या माळ्यांवर चढून धूळ खाऊ लागली. माझा चुलतभाऊ बाळासाहेब आमच्या शाळेतून त्या चार ओळींची प्रत घेऊन माझ्याकडे आला. “सारा तालुका कुणबी निंगून राह्यला, आन आपल्याच आजापुढं मराठा. कोन्या गाढवानं लिहिलं असन हे?” मी त्याला चहा दिला. माझ्या मुलाचाही प्रवेश त्याच कागदावर अडला होता, त्यामुळे गाढव हा शब्द मला घरातही दोन-तीनदा ऐकावा लागला.

त्यानंतर आठवडाभरात शीतल आली. लिंबाजीची नात. पशुवैद्यकीय कॉलेजात तिला आदिवासी विद्यार्थिनी म्हणून जागा मिळाली होती. ती टिकायला पडताळणी समितीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि समितीला स्वातंत्र्याच्या आधीची नोंद हवी होती. तिने पिशवीतून शाळेने दिलेली प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. किसन वल्द लक्ष्मण. हिंदू. “आबा म्हणाले, सरांकडे जा,” ती म्हणाली. शहरात शिकलेली, शुद्ध बोलणारी मुलगी. “आमच्या घरचे सगळे आंध, आत्यांची गावं आंध, फक्त हाच एक कागद नाही म्हणतो. महिन्याभरात दुसरा पुरावा नाही दिला तर जागा जाईल.” मी ती प्रत हातात घेतली. ‘ह’ची शेपटी मी तेव्हाही अशीच लांब काढायचो. तिला मी महसुलाची जुनी कागदपत्रं शोधायला सांगितलं, दोन कार्यालयांची नावं लिहून दिली आणि फाटकापर्यंत सोडायला गेलो. खरं काय ते सांगितलं नाही.

तिच्या महिन्यातले चोवीस दिवस मी असेच घालवले. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती असं नव्हे, पण त्या नकलेखाली अण्णांची सही होती. मेलेल्या बापाला खोटा ठरवायचं की जिवंत पोरीची जागा घालवायची, असा तो प्रश्न मी स्वतःपुढे फार सुंदर मांडत असे. प्रश्न सुंदर मांडण्याचा मला पगारच मिळतो. पंचविसाव्या दिवशी गावाला गेलो.

लिंबाजी बाजेवर बसला होता. दृष्टी अधू, कान शाबूत. मी पायाशी बसायला लागलो तर शेजारी जागा करून दिली. मी सगळं सांगितलं. नदीच्या वाटेवरचं ‘हो’ सुद्धा. तो ऐकत राहिला, मग शीतलला म्हणाला, देवाजवळची पेटी आण. पेटीत खंडोबाचा टाक, भंडाऱ्याची पुडी आणि खाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पान होतं. कडा वाळवीने खाल्लेल्या. मधल्या एका ओळीशेजारी चुन्याचा ठसा.

मी त्या ठशावर बोट ठेवलं. मग विचारलं, की माझं ‘हो’ खोटं आहे हे त्याला कसं कळलं.

“तुमी हो म्हनले,” लिंबाजी म्हणाला, “पन माह्याकडं न पाहता म्हनले. मंग पान्यात उतरल्यावर चुना पाहून काढून घेतलं, दुपट्ट्यात ठेवलं.”

हे पान त्याने नातीला आधीच का दिलं नाही, हा माझा पुढचा प्रश्न. शीतलही हेच विचारत होती, तिच्या आवाजात राग होता. त्याने आम्हा दोघांनाही एकच उत्तर दिलं. पान त्यानेच काढलं म्हणावं तर सरकारी कागदाची चोरी, आणि सुटं पान त्याच्या घरातून निघालं तर कोण खरं धरणार. दिनूभाऊने बदललं म्हणावं तर खाली गुरुजींची सही. “म्हनून पोरीले तुमच्याकडं धाडलं. अक्षर तुमचं हाये, तुमाले वयखू येईन. तुमी येसान हे मालूम होतं. महिना लावसान असं वाटलं नोतं.”

मी पान उजेडात धरलं. किसनच्या ओळीच्या वर तीन ओळी सोडून माझे आजोबा होते. कुणबी. ज्या कागदासाठी बाळासाहेब तीन तालुके हिंडत होता आणि ज्यावाचून माझ्या मुलाचा प्रवेश अडला होता, तो कागद या पेटीत, खंडोबाच्या टाकाखाली होता. मी तसं सांगितलं तेव्हा म्हातारा पहिल्यांदा हसला. त्याला आधीपासून माहीत होतं. त्या दुपारी मी वाचलेल्या सगळ्या ओळी त्याला पाठ होत्या.

“तेवढीच रेघ फाडाले गेलो असतो तं अक्षरं तुटली असती,” तो म्हणाला. “म्हनलं, येऊ द्या पाटलाले बी संगं.”

शीतलला प्रमाणपत्र मिळालं, हे सांगून टाकतो. पान, माझं प्रतिज्ञापत्र आणि तिच्या आत्यांच्या गावचे कागद, हे सगळं जोडून समितीने तिचं म्हणणं मान्य केलं. माझ्याकडे खुलासा मागणारं पत्र आलं आहे, त्याला मी उत्तर लिहितो आहे. गावातल्या उरलेल्या ओळींचं काय करायचं, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ती पानं डोहात गेली. अजून कुणी ना कुणी प्रत घेऊन दारात येतं, आणि आता मी चहा देण्याच्या आधी खरं सांगतो. चहा घ्यायला थांबणारे कमी झाले आहेत.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो त्या प्रतिज्ञापत्राचा दिवस. वाशीमच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली टंकलेखक बसतात, आता कॉम्प्युटर घेऊन. मी आणि शीतल एका पोरगेल्या टंकलेखकापुढे स्टुलांवर बसलो. मी खाली सही करणार, लिहून देतो की, असं सांगायला सुरुवात केली. त्याने हात वर करून थांबवलं. ठरलेला नमुना होता, आधी वरचे रकाने भरावे लागतात. नाव. मी सांगितलं. वय. सांगितलं. धंदा. प्राध्यापक.

“जात काय टाकू, सर?”

लिंबाचा पाला टेबलावर पडत होता. शीतल माझ्याकडे बघत होती. हिंदू म्हणू, मराठा म्हणू, माणूस म्हणू, यातलं प्रत्येक मी कधी ना कधी स्वतः लिहिलेलं किंवा म्हटलेलं होतं. टंकलेखक थांबला. मागे दोन माणसं ताटकळत होती, त्यातला एक खोकला. मग मी प्लॅस्टिकमधलं पान काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाकून पाहिलं, आजोबांची ओळ वाचली, मग चुन्याच्या ठशाशेजारची वाचली.

“यातलं कोणतं घेऊ?” त्याने विचारलं.

“वरचं माझं. खालचं यांच्या पणजोबांचं,” मी म्हणालो. “दोन्ही घ्या. जसंच्या तसं उतरवा.”